गुरुजींची पँट कैलासाला गेली

"बहात्तर," पेम्बाने बोटाला लावलेला चिमटा काढत सांगितलं. चंद्रभान गुरुजींनी लगेच शेजारचं बोट पुढे केलं.

"हे लावून पाय. त्या बोटाले लहानपनी विळा लागला होता."

पेम्बा म्हणजे यात्रेकरूंचा वाटाड्या शेर्पा. गुरुजींची उरलेली नऊ बोटं त्याने शांतपणे तपासली. एकाही बोटातला ऑक्सिजन ऐंशीच्या जवळ जायला तयार नव्हता. "गुरुजी, आप परिक्रमा में नहीं जाएगा. तीन दिन इधर होटल में आराम करेगा," तो म्हणाला. 

कैलासाच्या पायथ्याचं दारचेन हे गाव पंधरा हजार फुटांवर आहे. अमरावती आणि अकोल्याचे मिळून बावीस यात्रेकरू आदल्या दिवशी तिथे पोचले होते. गुरुजींनी नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत तेहतीस वर्षं पोरांना हिमालय शिकवला, पण स्वतः ते चिखलदऱ्याच्या वर कधी चढले नव्हते. ही यात्रा अकरा वर्षं त्यांच्या डोक्यात होती. गेले तीन महिने तर ते पाठीवर दहा किलो तूर बांधून देवळाच्या पायऱ्या चढत-उतरत होते.

त्यांच्या बायकोने, गोदाबाईंनी, कसलीच तयारी केली नव्हती. रोज वावरात जायचं आणि यायचं, एवढंच त्यांचं चालणं. त्या यात्रेला आल्या होत्या ते गुरुजींना बीपीची गोळी वेळेवर द्यायला. आता पेम्बाने सहज त्यांच्याही बोटाला चिमटा लावला. आकडा पाहून त्याने तो काढला, झटकला आणि परत लावला.

"नव्वद! माताजी, आप तो हमारे गाँव का लगता है."

"मी नाई जात बापा," गोदाबाई म्हणाल्या. "यायले गोळ्या कोन देईन?"

इथे गुरुजी गप्प बसले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण स्वतःचा कैलास हुकल्याचा राग कुठेतरी निघायला हवा होता.

"बरोबर आहे. तू जाऊन करशीन काय? कैलासाचं उत्तर मुख कोन्तं अन् दक्षिन मुख कोन्तं, हे तरी समजते काय तुले?"

खोलीतले सगळे आपापल्या बुटांकडे पाहू लागले. गोदाबाईंच्या हातात गोळ्यांची पाकिटं होती. ती त्यांनी गुरुजींच्या उशाशी ठेवली.

"सकाळी पिवळी, सांजच्याले पांढरी," त्या म्हणाल्या. "मी चालली." दाराजवळची नारिंगी पिशवी खांद्याला अडकवून त्या तरातरा बसमध्ये जाऊन बसल्या.

दाराजवळ नारिंगी पिशव्या दोन होत्या. बर्फात लांबून दिसाव्यात म्हणून गुरुजींनीच अमरावतीहून सारख्या रंगाच्या आणल्या होत्या. बाकीचं सामान ट्रकने पुढे मानसरोवरावर गेलेलं. तीन दिवसांचे कपडे काय ते या पिशव्यांत.

यमद्वारापाशी बस थांबली आणि चालणं सुरू झालं. दोन्हीकडे लालसर कडे, मधून नदी. बाळापूरची प्रणाली गोदाबाईंच्या सोबतीला होती. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे दर अर्ध्या तासाला त्यांची नाडी पाहत होती. दुपारी एक ओढा लागला. दगडांवरून पाय टाकत सगळे पार झाले. शेवटच्या दगडावर गोदाबाई घसरल्या आणि कमरेपर्यंत पाण्यात बसल्या.

बाहेर काढेपर्यंत वारा सुटला. शंभर पावलं गेल्यावर साडीच्या निऱ्या गोठून वाळवणाच्या पापडासारख्या कडक झाल्या. चालताना त्यांचा कडकड आवाज येऊ लागला.

"काकू, आत्ताच्या आत्ता कपडे बदला," प्रणालीने त्यांना चहाच्या तंबूत ओढलं. "पाय गारठले तं इथूनच वापस जा लागीन."

गोदाबाईंनी पिशवी उघडली. वरच गुरुजींची खाकी पँट होती. तिच्याखाली त्यांचा सदरा, मोठं जाकीट, माकडटोपी आणि काळा चष्मा. साडीचा पत्ता नव्हता.

"अगं माय! हे तं यायची पिशवी होय!"

"मंग घाला ना. अठी कोन पाहून राहिलं?"

"देव पाहून राहिला ना वं."

"त्याच्या आंगावर तं कातडं आहे, काकू."

 साठाव्या वर्षी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पँट चढवली. कमरेला ती कशीच थांबेना, तेव्हा ओल्या परकराची नाडी काढून घट्ट आवळली. वर सदरा, जाकीट, माकडटोपी आणि काळा चष्माही चढवला. त्या तशा बाहेर आल्यावर पेम्बाने त्यांच्याकडे पाहून विचारलं, "ये भाईसाब कौन से ग्रुप का है?"

चार पावलं त्या लाजत, पँट ओढत चालल्या. नंतर त्यांच्या लक्षात आलं, की निऱ्या सावराव्या लागत नाहीत आणि पाय लांब पडतो. "इतके वर्सं मानसं हे सुख एकटेच भोगून राहिले," त्या प्रणालीला म्हणाल्या. संध्याकाळी डेरापुकच्या मुक्कामाला पोचणाऱ्यांत त्या पहिल्या होत्या.

डेरापुकहून कैलासाचं उत्तर मुख समोरच दिसतं, पण आता सगळं ढगात होतं. दगडी खोल्या, एक मठ आणि पुढे पांढरा पडदा. गोदाबाई बाहेरच एका दगडावर बसल्या. काय काय मागायचं याची त्या मनात उजळणी करत होत्या. शेजारच्या पार्वताबाईचे गुडघे, मुलाची म्हणजे नितेशची बदली, गुरुजींचं बीपी. गावातल्या नत्थुजीने बोअरला पाणी लागावं म्हणून खास निरोप दिला होता, तोही होता.

तेवढ्यात वारा फिरला. ढग खालून वर सरकू लागले, कुणी सावकाश घोंगडी उचलावी तसे. आधी काळ्या दगडाची भिंत दिसली. ती संपेल म्हणून गोदाबाई वर पाहत गेल्या, ती संपेना. तिच्यावर बर्फाचे आडवे पट्टे, त्यांच्यावर पुन्हा दगड, आणि मान पाठीला टेकली तेव्हा कुठे शिखर. मावळतीचं ऊन फक्त तिथे पडलं होतं.

त्या कधी उभ्या राहिल्या ते त्यांना कळलं नाही. हात जोडायचे राहून गेले. गुडघे, बदली, बोअर, सगळं डोक्यातून निघून गेलं. समोर जे होतं ते काही मागत नव्हतं आणि काही देतही नव्हतं. ते होतं. माणसं नव्हती तेव्हापासून ते असंच उभं असणार, आणि आज आपण त्याच्यासमोर उभ्या आहोत, एवढंच त्यांना जाणवत राहिलं. कानांत फक्त स्वतःचा श्वास वाजत होता.

मग त्यांना एकदम वाटलं, हे यायनं पाह्याले पाहिजे होतं. आणि त्याच खाकी पँटीत उभ्या राहून त्या लहान पोरीसारख्या रडल्या.

दुसऱ्या दिवशी अठरा हजार फुटांवरची डोलमा खिंड चढताना चार पावलं आणि एक थांबा, असं करत त्या गेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी बसने सगळ्यांना दारचेनला हॉटेलच्या दारात आणून सोडलं.

दारात लांब बाह्यांचा तिबेटी झगा आणि केसाळ टोपी घातलेला एक म्हातारा येरझारा घालत होता. माकडटोपी आणि काळ्या चष्म्यातल्या गोदाबाई उतरताच तो त्यांच्यासमोर आला.

"भाईसाब, उधर एक लेडीज दिखी क्या? साडीवाली. जरासी ठेंगनी. गुस्से में गई है."

आवाज ऐकून गोदाबाई जागीच थबकल्या. मग त्यांनी आवाज जाड केला. "वो तो उधरीच रह गई, भाईसाब."

"रह गई? एकटी?" म्हाताऱ्याचा चेहरा पांढरा पडला. पुढचं काही न विचारता तो झगा वर खोचून सरळ पर्वताच्या दिशेने चालू लागला. दहा पावलांत त्याला धाप लागली, तरी थांबेना. गोदाबाईंनी धावत जाऊन त्याची बाही धरली आणि तोंडावरची टोपी वर ओढली.

"अवो! मी हावो मी! कुठी चालले?"

गुरुजींनी त्यांना खालून वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडून भलतंच निघालं. "हे तं माही पँट होय."

"अन् हे काय घातलं तुमी?"

"चहा सांडला पायजाम्यावर. पिशवीत पायतो तं तुह्या साड्या. साडी नेसू काय मंग? हॉटेलवालीनं तिच्या नवऱ्याचा झगा देल्ला."

दोघंही पायरीवर बसले. गोदाबाई हसत होत्या, गुरुजी धाप टाकत होते. थोड्या वेळाने गुरुजींनी खाली पाहत विचारलं, "कसं आहे वं, उत्तर मुख?"

"तुमी तर शिकोत होते ना पोरायले?"

"मी फळ्यावर त्रिकोन काढो," गुरुजी म्हणाले. "सांग ना."

"सांगीन. पन मधात बोलाचं नाई."

गुरुजींनी मान हलवली. गोदाबाईंनी सांगायला सुरुवात म्हणून मान पाठीला टेकेपर्यंत मागे नेली, आणि गुरुजींनीही तशीच नेली.