पत्र्यातला नवरदेव

"आता हे सांगितलं तर कोण इश्वास ठेवणार न्हाय, म्हणून मी कुणाला सांगतच न्हाय," असं म्हणत जोतीरामनं पोराच्या बारशाला जमलेल्या यच्चयावत पावण्यांना सांगायला घेतलं. साक्षीदार म्हणून ट्रंकावाला गौस शेजारी बसवलेला. तो घुगऱ्या खात वाक्यावाक्याला मान हलवत होता.

गोष्ट गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली. जोतीराम थेटरात डोअरकीपर. चिलखत घालून आभाळात उडणाऱ्या हिरोचा इंग्रजी पिक्चर लागणार होता, हिंदीत बोलणारा. मालकांनी फर्मान काढलं, दारात तसाच एक हिरो उभा पाहिजे. काम गेलं गौसकडं. गौसनं उभ्या जन्मात पत्र्याच्या ट्रंकांशिवाय काही केलं नव्हतं. त्यानं माणसाच्या मापाची ट्रंक केली, तिला हातपाय जोडले, छातीवर रिक्षाचा हेडलाइट बसवला आणि वरनं लाल रंग मारला. माप घ्यायला समोर जोतीराम सापडला होता, म्हणून आतही तोच गेला.

शुक्रवारी पहिल्या खेळाला ही गर्दी. लोक पाठीमागचं झाकण उघडून आत कोण आहे ते बघायला लागले, तसं गौसनं कडीला कुलूप ठोकलं.

तीनच्या सुमाराला जोतीराम आतनं म्हणाला, "गौसभाई, उघडा आता. पाचला पोरगी बघायला जायाचंय."

गौसनं खिसे चाचपले आणि एकदम थांबला. "जोत्या, किल्ल्या आत हायत."

"कुठं आत?"

"तुझ्या पोटापाशी, सुतळीत बांधलेल्या. नवी ट्रंक देताना किल्ल्या आतच बांधून देतो की आमी. हाताला सवय लागलीया."

जोतीरामचे हात पत्र्यात, पोट पत्र्यात आणि मधे आणखी एक पत्रा. ही सहावी पोरगी. आधीच्या पाच ठिकाणी नकार आलेला. थेटरातली नोकरी कुणालाच पसंत पडत नव्हती, असं जोतीरामचं म्हणणं. पोरगी मावशीकडं राजारामपुरीत आलेली, तिचे वडील आजऱ्याहून आलेले आणि सहाच्या एस्टीनं परत जाणारे. आज चुकलं की स्थळ गेलं.

गौसनं हातोडा घातला. कुलपाला काही झालं नाही, जोतीरामच्या कानात मात्र अंबाबाईच्या देवळातली घंटा वाजली.

"जरा हलकं कुलूप मिळालं न्हाय व्हय तुमास्नी?"

"माझ्या मालाला हलकं म्हणू नगंस."

"मग कात्रीनं कापा पत्रा."

"कापायचं न्हाय," मालक मधे पडले. "अजून तीन आठवडे चालवायचाय हिरो."

साडेचार वाजले. रिक्षात बसावं तर गुडघा वाकेना. शेवटी टेम्पोत उभा करून दोरानं बांधला. वाटेत दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. चौकात हवालदार आडवा आला, "मिरवणुकीची परवानगी हाय काय?"

"मिरवणूक न्हाय सायेब," गौस म्हणाला. "पोरगी दाखवायला न्यालोय."

"बांधूनच न्या. पळतात असली."

मावशीच्या सोप्यात जोतीराम उभाच राहिला. पोरीचे वडील आप्पा म्हणाले, "पावणं, बसा की."

"वाकत न्हाय."

"टोपडं तरी काढा."

"कुलूप हाय."

गौसनं तोंडाच्या फटीतनं बशीनं चहा ओतला. पोरगी, शिवानी, पोहे घेऊन आली आणि छातीवरचा लाइट आपोआप पेटला, देवाशप्पथ. मग जोतीराम बोलायला लागला. पिक्चर, पगार, आईचा दमा, सगळं सांगितलं. पत्र्यातनं आवाज असा घुमला की गल्ली गोळा झाली. आप्पांची एस्टी चुकली. पण होकार देऊनच उठले.

"आणि कुलूप?" एका पावण्यानं विचारलं.

"होकार ऐकला आणि छाती अशी फुगली," जोतीरामनं छाती फुगवून दाखवली, "की कुलूप तट्‌दिशी तुटलं."

"कसलं कुलूप?" पाळण्याची दोरी ओढत शिवानी म्हणाली. "पोहे घिऊन मी तुमच्या मागनं आलते. कडीत नुसती काडी हुती, काड्यापेटीतली."

गौसनं घुगऱ्यांत मान घातली. पावणे जोतीरामकडं बघायला लागले.

"मग तवाच का बोलली न्हाईस?"

"काडी काढली असती तर तुमी बोलला असता व्हय? आधीच्या पाच ठिकाणी पोरीम्होरं तोंड उघडलं न्हवतं तुमी. पोरगं मुकं हाय का, एवढंच बघायला आप्पा आजऱ्यासनं आलते."