बत्तिसावा तुकडा

वर्तुळावर कमीजास्त अंतरांवर ठिपके द्यायचे, प्रत्येक ठिपका दुसऱ्या प्रत्येकाशी रेघेनं जोडायचा आणि आत पडलेले तुकडे मोजायचे. दोन ठिपक्यांचे दोन तुकडे, तिनांचे चार, चारांचे आठ, पाचांचे सोळा. हंगामी गणित-सर हरखून गेले. गाण्यात कडव्याला कडवं मिळत जावं तशी दर ठिपक्याला दुप्पट! हा अंदाज त्यांनी शिक्षकांच्या खोलीत सहज बोलून दाखवला आणि तिथंच घात झाला. मुख्याध्यापकांनी तो ‘आमच्या शाळेचा नियम’ म्हणून दर्शनी भिंतीवर रंगवूनच घेतला. शिक्षणाधिकारी येऊन अनावरण करणार आणि त्याच वेळी सरांच्या हातात कायम नोकरीचा कागद ठेवणार, असं ठरलं.

कागद तासाभरावर आला, तोच सातवीतली दोन वेण्यांची मुलगी वही घेऊन दारात उभी.

“सर, सहा ठिपक्यांचे एकतीसच येतात.”

“बत्तीस. नीट मोज.”

“तीनदा मोजले. तुम्हीच मोजा ना!”

सरांनी मोजले. एकतीस. पेन्सिल बदलून मोजले. एकतीस. वही घेऊन ते मुख्याध्यापकांकडे धावले.

मुख्याध्यापक मात्र डगमगले नाहीत. “म्हणजे एक तुकडा हरवलाय. शोधा!”

झालं, अख्खी शाळा तुकड्याच्या मागे लागली. ग्रंथपाल भिंग घेऊन वाकले. मराठीच्या बाई म्हणाल्या, “वर्तुळाबाहेरची जागा धरली तर?” चित्रकलेच्या बाईंनी बाह्या सरसावल्या. “इथं एक बारीकशी रेघ ओढते. कोणाला कळतंय!”

एवढ्यात अधिकारी आलेच. “काय सर, सहाचे किती?” त्यांनी हसत विचारलं.

सरांच्या डोळ्यांपुढे तो कागद तरळला. आणि कागदापलीकडे, वही छातीशी घट्ट धरलेली पोरगी.

“एकतीस, साहेब. नियम चुकलाय. माझाच.”

अधिकारी भिंतीकडे बघत राहिले. रंग अजून ओला होता, फोटोवाला खोळंबला होता.

“नियम बरोबर आहे,” ते शांतपणे म्हणाले, “ठिपके जास्त झालेत. यापुढे या शाळेत पाचाच्या वर ठिपका द्यायचा नाही. देखरेखीला कायमचा माणूस लागेल. हेच सर ठेवा.”

टाळ्या पडल्या. कागद मिळाला.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात मुलगी उठून उभी राहिली. “सर, सातचे सत्तावन्न आले.”

देखरेखवाल्या सरांनी बाहेर डोकावून पाहिलं.

“खिडक्या लावून घ्या रे,” ते म्हणाले आणि फळ्यावर त्यांनी आठवा ठिपका दिला.