सगुणाबाईसाहेबांच्या घुमटी नीलमाची हकीकत

श्रीशनैश्चर महाराज प्रसन्न असोत, आणि प्रसन्न होणे जमत नसेल तर निदान दुसरीकडे पाहोत. शके सतराशे सोळा, आनंदनाम संवत्सर, कार्तिक मास, ते समयी एका राज्यात (नाव लिहीत नाही, लिहिले की भाऊबंद भांडतात) श्रीमंत हैबतराव महाराज राज्य करीत होते आणि त्यांच्या मातोश्री आऊसाहेब महाराजांवर राज्य करीत होत्या. महाराजांचे लग्न होऊन वर्ष जाहले होते. राणीसाहेब सगुणाबाई मामाच्या घरी वाढलेल्या, बोलायला सरळ, बुद्धिबळात महाराजांना हरवीत आणि महाराज हरूनही खुशीत असत. पण त्या आल्या त्याच साली थोरला हत्ती वारला, मग किल्ल्याचा बुरूज ढासळला, मग महाराजांना ताप आला तो महिनाभर हटेना, आणि आऊसाहेबांचे थोरले पुत्र आधीच गेलेले, हा एकच उरलेला, त्यामुळे ताप उतरला तरी आऊसाहेबांचे भय काही उतरले नाही. मग जोशीबुवांना बोलाविले, त्यांनी पत्रिका मांडली आणि सांगितले की राणीसाहेबांस शनी आहे, नीलम धारण करावा. पण नीलम हे रत्न मोठे तिरसट, मानवले तर घर भरते, न मानवले तर असलेलेही नेते, म्हणून रिवाज असा, की अंगठी घडविण्याआधी खडा निळ्या फडक्यात गुंडाळून दंडाला बांधावा आणि आठवडाभर काय बिघडते ते पाहावे. मग आऊसाहेबांनी सुनेला समोर बसविले आणि म्हणाल्या, "हे बघ सूनबाई, मी मनात ठेवत नाही. तीन खडे बघू. एक जरी मानवला तर अंगठी करू, सुखानं नांद. तिन्ही उलटले तर मामाकडे जा. पालखी देते, मान देते, पण जा. मला एकच लेक उरलाय." सगुणाबाई "बरं" म्हणाल्या खऱ्या, पण मामाच्या घरी परत जाणे म्हणजे काय, हे मामीचे तोंड ज्याने पाहिले त्यालाच कळेल.

मग जवाहिरे नेमीदास यांस बोलावणे गेले, ते पेटी घेऊन हजर जाहले, आणि पहिला खडा आऊसाहेबांनी स्वतः निवडला, पैलूदार, लखलखीत, पाहणाऱ्याचे डोळे दिपावे असा. तो दंडाला बांधला आणि चार दिवस बरे गेले, मग महाराज घोड्यावरून पडले, पाय मुरगळला, खडा परत गेला. महाराज लंगडत राणीसाहेबांकडे आले आणि हळूच म्हणाले, "खड्याचं काही नाही गं. तू सज्जात उभी होतीस, म्हणून मी लगाम सोडून दाखवत होतो." सगुणाबाई म्हणाल्या, "मग हे आऊसाहेबांना सांगा की!" महाराज "सांगतो, सांगतो" म्हणाले आणि सांगितले नाही. मग दुसरा खडा जोशीबुवांनी निवडला, मोरपंखी झाक असलेला, तोही बांधला, आणि आता सगळ्या वाड्याला कळले होते की काही बिघडले तर कोणाच्या नावावर घालावयाचे. मुदपाकखान्यात दुधाचा हंडा नासला, आचारी म्हणाले नीलम. माहूत दुपारचा झोपला, हत्तीने उसाचा अख्खा फड खाल्ला, माहूत म्हणाला नीलम. खुद्द जोशीबुवा एकादशी एक दिवस आधी सांगून बसले, सगळे राज्य एक दिवस जास्तीचे उपाशी राहिले, तेही म्हणाले नीलम. त्या आठवड्यात राज्यात कोणाच्याच हातून काही चुकले नाही, जे केले ते नीलमाने केले. सगुणाबाई हे सर्व ऐकत होत्या आणि त्यांना त्या खड्याची दया येऊ लागली, कारण हे असे ऐकून घेणे त्यांना वर्षभराचे सवयीचे होते.

दुसराही परत गेला, मग सगुणाबाई म्हणाल्या, "तिसरा मी निवडते. जायचंच असेल तर माझ्या पसंतीनं जाईन." आऊसाहेबांनी मान डोलाविली. मग नेमीदासांनी पांढऱ्या चादरीवर खडे मांडले आणि समई जवळ ओढली, तो सगुणाबाई म्हणाल्या, "समई राहू द्या, शेटजी, बाहेर ऊन आहे." चादर चौकात नेली आणि समईपाशी निळे दिसणारे निम्मे खडे उन्हात काळे ठिक्कर निघाले. नेमीदास घाम पुसत म्हणाले, "बाईसाहेब, उन्हात तर माणूससुद्धा काळा दिसतो." "म्हणूनच लग्न दिवसा ठरवावं," असे बाईसाहेब म्हणाल्या आणि महाराजांना हसू आले, मग आऊसाहेबांकडे पाहून ते थांबले. पैलूचे खडे सगुणाबाईंनी एकेक उचलले आणि ठेवले. "हे सारखे टोचतात. ठरावीक बाजूनंच आमच्याकडं बघा, असं म्हणतात." मग कोपऱ्यात बिनपैलूचे दोन खडे होते, देवळाच्या घुमटासारखे गोल घोटलेले. पहिला त्यांनी तबकात ठेवला तो एका अंगाला कलून डुलू लागला. "हा दरबारात बसायच्या लायकीचा आहे," असे त्या म्हणाल्या आणि कारभारी खाकरले. दुसरा मात्र शांत बसला. नेमीदासांनी हात जोडले, "तो नको. त्याच्या आत धुकं आहे, पैलू पाडले तर तेज मरतं, म्हणून नुसता घोटून ठेवलाय. तीन दरबारांनी परत केला. मला खोटं बोलून विकायचा नाही." सगुणाबाईंनी त्यावरून नख फिरविले, कुठे अडले नाही, मग उन्हात हळूहळू फिरविला, तो आतली निळाई दूध सांडावे तशी एका कडेहून दुसऱ्या कडेला सरकली. मग त्यांनी तो गालाला लावला. "याला कुठून बघायचं ते शिकावं लागत नाही," त्या म्हणाल्या. "हाच."

खडा बांधला आणि सगळे राज्य श्वास रोखून बसले. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, दूध नासले नाही, हत्ती जागेवर, महाराज घोड्याच्या वाटेलाही गेले नाहीत, आणि जसजसे काही बिघडेना तसतसे आऊसाहेबांना जास्तच भय वाटू लागले. रोज सकाळी त्या न्हाणीघरातून निघाल्या की पहिला प्रश्न, "आज काय बिघडलं?" आणि शेवटच्या दिवशी न्हाऊन निघता निघता कोठे तरी भांडे पडल्याचा आवाज आला, आऊसाहेब तशाच ओल्या पायांनी धावल्या आणि फरशीवर पडल्या, मनगट मोडले. मग वैद्य आले, हात बांधला, सगळा वाडा दारात जमला, जोशीबुवांनी डोळे मिटून सांगितले, "उलटला." कारभाऱ्यांनी न सांगता पालखी अंगणात आणविली. सगुणाबाईंनी दंडाचे फडके सोडले आणि खडा आऊसाहेबांच्या उशाजवळ ठेवून म्हणाल्या, "शेटजींना नीट परत द्या. त्याला आणखी दरबार फिरायचेत." मग वाकून नमस्कार केला.

"बांध ते परत," आऊसाहेब म्हणाल्या.

"आऊसाहेब, आपला हात मोडला..."

"माझा हात माझ्या पायांनी मोडला. ओल्या पायांनी धावले मी. कशाला? तर काय बिघडलं ते बघायला. आणि काय बिघडलं होतं? काही नाही. तांब्या पडला होता. मग मीच जाऊन बिघडवलं." मग महाराज पुढे जाहले आणि म्हणाले, "आऊसाहेब, तो घोड्याचा लगामसुद्धा मीच सोडला होता." आऊसाहेब म्हणाल्या, "ठाऊक आहे रे गाढवा, मी पण खिडकीतच होते. पोराला बोल लावायला जीभ वळेना, खड्याला लावला." मग आचारी घुटमळत बोलले की हंडा खरकटा होता, आणि माहूत बोलला की जेवण जरा जास्त जाहले होते, आणि मग सगळ्यांनी जोशीबुवांकडे पाहिले, पण जोशीबुवांना त्याच वेळी संध्येची आठवण जाहली आणि ते गेले. पालखी परत नेली. खडा आऊसाहेबांनी डाव्या हाताने सुनेच्या दंडाला बांधला, गाठ नीट बसेना, मग सगुणाबाईंनी दुसरे टोक धरले.

येणेप्रमाणे घुमटी नीलमाची अंगठी जाहली, कोंदण खालून उघडे ठेविले, म्हणजे खडा बोटाला लागून राहील. आऊसाहेबांचे मनगट जुळले ते किंचित वाकडे जुळले. थंडीत ते ठणकले की आऊसाहेब नीलमाचे नाव काढीत नसत, सुनेला हाक मारीत आणि तेल गरम करून आण म्हणत. सगुणाबाई अंगठी काढून फडताळात ठेवीत आणि तेल चोळीत. राज्य पुढे चालले, त्यात चुका पुष्कळ जाहल्या, ज्याच्या त्याच्या नावावर.