दोन अदार आणि एक जाहिरात

शालोम आंबेपूरकर यांनी १९६२ साली आमच्या औरंगाबादच्या दैनिकात पत्नीच्या दुसऱ्या स्मृतिदिनाची जाहिरात दोनदा दिली. पहिली फेब्रुवारीत, दुसरी मार्चात. पत्नी एकच होती.

आंबेपूरकर जमीन मोजणी खात्यात सर्व्हेअर. मूळचे कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्रायल, म्हणजे घरात मराठीच बोलणारे यहुदी. मराठवाडा मुंबई राज्यात गेला तेव्हा बदलीने इकडे आले आणि गुलमंडीमागे माझ्या शेजारच्या खोलीत राहिले. शहरात दुसरे यहुदी कुटुंब माझ्या माहितीत नव्हते. त्यामुळे त्यांच्या पंचांगावर त्यांच्याशी वाद घालू शकेल असा माणूसही नव्हता. या सोयीचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला.

"मोजून सांगतो" हे त्यांचे पालुपद. सूर्य मावळला की त्यांचा दुसरा दिवस सुरू होई. "बुधवारी रात्री जेवायला या," असे मी एकदा म्हणालो. ते मंगळवारी रात्री आले. घरात खिचडी होती. ती त्यांनी तक्रार न करता खाल्ली आणि बुधवारची रात्र कोणती, हे हात धुईपर्यंत मला समजावून सांगितले.

त्यांचे नवे वर्ष, म्हणजे नव्याचा सण, रविवारी, बुधवारी आणि शुक्रवारी लागत नाही. लागायला आलाच तर दिवस पुढे ढकलतात. हे ऐकून त्यांचे साहेब म्हणाले, "म्हणजे रजा रविवारात बुडायची भानगडच नाही. तुमचं पंचांग कारकुनानं बसवलं काय हो?" आंबेपूरकरांनी तीन पानी खुलासा दिला. साहेबांनी रजा मंजूर केली आणि खुलासा न वाचता परत केला.

मी दैनिकाचा संपादक. आमच्या पहिल्या पानावर तारखेची चौकट असे. तीत इंग्रजी, शके आणि हिजरी. निजामाची फसली तारीख पोलीस ॲक्शननंतर गेली होती आणि तिच्या जागी छापखान्याने एक वेलबुट्टी लावली होती. पडीक जागा सर्व्हेअरच्या नजरेतून सुटत नाही.

"तिथं आमची तारीख टाका," ते म्हणाले.

"तुमचे वाचक किती?"

"मोजून सांगतो. एक. पण रोजचा."

छापखान्याचे फोरमन मिर्झासाहेब अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता म्हणाले, "हमारी ईद तो सब मौसमां घूम के आती, शालोमभाई. तुम्हारी एकीच जगा कायकू बैठती?"

"कारण आम्ही तेरावा महिना घालतो. एकोणीस वर्षांत सात वेळा. हिंदूंचा अधिक कुठंही उगवतो. आमचा एकाच खुंटीला बांधलेला. अदार महिना दोनदा. पहिला अदार, दुसरा अदार. शंकेला जागाच नाही."

वेलबुट्टी कायम राहिली.

त्यांच्या पत्नी रिबकाबाई १९६० च्या मार्चात वारल्या. महिना अदार होता आणि त्या वर्षी तो एकच होता. पहिल्या स्मृतिदिनाची जाहिरात पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच आली, इंग्रजी तारखेच्या अकरा दिवस आधी. आमचे जाहिरातीचे कारकून नामदेवराव सोयगावचे. ते म्हणाले, "साऱ्या दुनियेच्या तारखा मोजतेत, अन् बायकोची ध्यानात नाय व्हय?" मी हसलो. जाहिरात छापली.

त्याच्या पुढच्या वर्षी ती फेब्रुवारीतच आली आणि छापली गेली. महिन्याने आंबेपूरकर तोच कागद घेऊन पुन्हा हजर.

"शालोमराव, ही छापली की मागल्या महिन्यात," नामदेवराव म्हणाले.

"तो पहिला अदार. हा दुसरा."

"मंग हिच्यावर तिसरा स्मृतिदिन लिहू का?"

"बाई एकदाच गेली, नामदेवराव."

नामदेवरावांनी कागद माझ्याकडे सरकवला. एकच स्मृतिदिन दोनदा छापला तर वाचक चूक आमची समजणार होते. कागद परत करायचे मी ठरवले आणि कारण हवे म्हणून विचारले, "तुमचा नियम काय सांगतो?"

"दुसरा. आमच्यात दुसऱ्याच अदारला पाळतात."

पाच वर्षांत प्रथमच त्यांची चूक माझ्या हाती लागली होती. "म्हणजे फेब्रुवारीतली चुकीची," मी म्हणालो. "हरकत नाही. ही छापू आणि खाली चूकदुरुस्ती टाकू."

"चुकीची नाही." ते उभेच होते. टेबलावरच्या कागदाची घडी त्यांनी नखाने सपाट केली. "रिबकाला दोन अदारांचं कधी समजलं नाही. लग्नाला तीस वर्षं झाली, दर खेपेला विचारायची, अदार लागला ना, मग पुन्हा कसा लागंल? मी सांगायचो, तेव्हा ती थांबायची. आता पहिला लागला की ती आपल्या दिवसाची वाट बघत बसणार. हा नव्हे, पुढला, हे तिला तिथं सांगणार कोण?"

नामदेवरावांनी माझ्या हाताखालून कागद ओढून घेतला. "उद्याच्यालाच टाकायची ना, दादा?" त्यांनी आंबेपूरकरांना विचारले.

"उद्याच्याच."

जाहिरात दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर आली. मजकूर शब्दशः फेब्रुवारीतलाच होता. चूकदुरुस्ती छापण्यात आली नाही.