काळी आणि कवडी यांचे तहाची हकीकत

श्रीकुलस्वामी समर्थ. ज्याचे कृपेने अंड्यात जीव पडतो आणि भांडणास शेवट सापडतो, त्यास दंडवत घालोन लिहितो ऐसाजे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, माघमासी शुद्धपक्षी एके दौलतीत जे वर्तमान जाहले ते स्वस्थ चित्ते ऐकावे. दौलत थोर नव्हे. घराचे मागील दारचे परस, मधोमध दगडी बांध, आणि बांधाचे दोहो अंगांस दोन खुराडी, इतकाच मुलूख. पूर्वेकडील राज्य थोरल्या जाऊबाई गोजराबाईसाहेब यांचे आणि पश्चिमेकडील धाकट्या हौसाबाईसाहेब यांचे. उभयतांत पुष्कळ वर्षे बोलणे नव्हते. कारण ऐसे की, गोजराबाईंची कन्या शेवंता हिची सुपारी फुटली ते दिवशी पाहुण्यांस जेवण घालावयाचे होते, तेव्हा थोरल्या बाईंनी हातास लागला तो कोंबडा धरोन हंडीत घातला, आणि तो निघाला हौसाबाईंचा लाडका तांबडा. पुसले नाही, सांगितले नाही. मग लग्न जाहले, पोरगी सुखाने नांदो लागली, आणि इकडे जावाजावांची तोंडे फिरली ती फिरलीच. तथापि बोलल्यावाचून मनुष्यास राहवत नाही, म्हणोन उभयता आपआपल्या कोंबडीशी मोठ्याने बोलत, आणि बांधापलीकडे जिला ऐकू जावयाचे तिला ते बरोबर ऐकू जाई. धाकटे सरकार बापूराव, हौसाबाईंचे यजमान, दोहो पक्षी मौन राखोन चहा पीत. लिहिणाराचे मते त्या घरात शहाणे तेच एक.

ऐसे चालता गोजराबाईंची दृष्टी मंदावली आणि शेवंतेचा निरोप आला की, आई, आता एकटी राहू नको, माझेकडे ये, पुनवेनंतर आम्ही न्यावयास येतो. घरास कुलूप लावता येईल, परंतु कोंबड्यांस कुलूप कैसे लावावे? हाटेलवाला मागावयास आला त्यास बाईंनी अंगणातूनच वाटेस लावले. मग बांधाशी येवोन आपली कवडी, म्हणजे ठिपक्यांची वडील कोंबडी, काखेत धरोन म्हणाल्या, "कवडे, म्या चालले लेकीकडं. तुमचं आता कोन गं बघनार?" पलीकडे हौसाबाई दाणे टाकीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. आपली पट्टराणी काळी, जिचे एक नख तुटलेले, तिजकडे पाहोन बोलल्या, "काळे, आपल्या खुराड्यात जागा हाय म्हनावं. दारात आलेल्याला आपन हाकलत न्हाई."

दुसरे दिवशी प्रवेशाचा समारंभ योजिला, आणि येथेच मोठी चूक जाहली. हौसाबाई रीतीच्या पक्क्या. काळीस म्हणो लागल्या, नवी माणसे घरात येतात तर नवरीसारखी माप ओलांडोन यावीत. म्हणोन बांध उतरोन येण्याचे जागी जोंधळ्याने भरलेले माप मांडिले, आणि गोजराबाईंनी कौतुकाने कवडीस सोडिले, मागे तिच्या तिघी लेकी. कवडीचा पाय लागोन माप कलंडले, दाणे चहूकडे पांगले, आणि काळीने पाहिले की कोण कुठली परकी बाई आपले दाण्यांवर उभी आहे. मग काय विचारता! काळी सर्व फौजेनिशी चालोन आली, पिसे उडाली, कवडीचा तुरा फुटला, आणि रक्त दिसताच बाकीच्याही तिथेच चोची मारो लागल्या. गोजराबाईंनी मधे पडोन कवडीस पदराआड घेतले. हात ओरबाडले, त्याची शुद्ध नव्हती. म्हणाल्या, "कवडे, हिथं न्हाई गं निभाव लागायचा तुझा." हौसाबाईंचा जीव अर्धा जाहला. तांबड्याचा सूड म्हणोन आपण हे केले ऐसे थोरलीस वाटेल, हे भय त्यांस पडले, आणि सांगावे तर बोलणे नाही.

मग बापूरावांनी प्रथमच मसलत दिली ती ऐसी की, घाई करू नये, आपले बाजूस मधे जाळी लावावी, एकमेकींस दिसाव्या परंतु चोच पोचू नये. तैसे केले. कवडीचे तुऱ्यास हळद लावावयास थोरल्या बाई रोज बांध ओलांडोन येऊ लागल्या, आणि जाळीचे एका अंगास त्या, दुसऱ्या अंगास धाकट्या, ऐशा बसो लागल्या. प्रथम काळी जाळीवर धावोन येई, मग नुसती मान फुगवी, मग तेही सोडिले. दाणे जाळीलगत टाकिले, तेव्हा दोन्ही फौजा तोंडास तोंड लावोन जेवल्या. "काळे, मान्सं वळखीची व्हायला येळ लागतुया," धाकट्या म्हणाल्या. "कवडे, लई येळ लागतुया," थोरल्या म्हणाल्या. पुनवेचे सकाळी मेथीची जुडी दोरीस बांधोन मधोमध टांगली आणि जाळी उचलली. सर्वांच्या चोची मेथीत गुंतल्या. काळीने कवडीस एक टोचा दिला, कवडीने मान खाली घातली, आणि तेवढ्यावर राज्याचा निवाडा जाहला. सांजवेळी सर्व एकाच दांडीवर बसल्या. काळी कडेस, तिजलगत कवडी.

दुसरे दिवशी शेवंता आणि जावई न्यावयास आले. थोरल्या बाईंचे घर आवरलेले, चूल झाकलेली, म्हणोन जेवण धाकटीकडे. जावयास साधे कैसे वाढावे, ऐसे मनी आणोन हौसाबाई उठल्या आणि टोपलीखाली झाकलेला आपलाच तरणा कोंबडा धरावयास गेल्या. तो मागून हाक आली, "हौसे!" इतक्या वर्षांत ते नाव त्या तोंडून निघाले नव्हते. गोजराबाई दारात उभ्या होत्या आणि मधे कोंबडी नव्हती. "हौसे, कोंबडं धरू नगं. पिठलं कर. जावयाला पिठलं चालतंय." हौसाबाईंनी टोपली अर्धी उचलली होती. "तवा तुला इचारायला पायजे हुतं," थोरल्या म्हणाल्या. "लई चुकलं माझं." हौसाबाईंनी टोपली परत झाकली, डोळे पुसले आणि बोलल्या, "आक्का, पोरगी सुखात हाय न्हवं? मग तांबडा वाया गेला न्हाई. बसा, भाकरी टाकते." जावयाने पिठले दोन वेळा मागोन घेतले. त्यास यातील काही ठाऊक नाही आणि कोणी सांगितलेही नाही.

तात्पर्य इतकेच की, चुलीपुढे दोघी जावा बोलत बसल्या त्या उठेनात, मोटार दारात उभी, जावई घड्याळ पाहतो आहे, आणि बापूराव त्यास म्हणतात, "जावईबापू, आज मुक्काम करा." मुक्काम जाहला. इति.