बिनमालकाच्या गावात

बाभुळगावच्या तहसीलीत मी एकतीस वर्षं कारकुनी केली. किती अर्ज पुढे सरकवले ते मला आठवत नाही, पण किती परत पाठवले ते अख्ख्या तालुक्याला आठवतं! एकट्या रामरावचा अर्ज रहिवासी दाखला नाही म्हणून मी तीनदा परत केला होता. अशा माणसाला नव्या ठिकाणी खातं उघडणं काय जड?

आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा मी सात वर्षं अॅडमिन. एक दिवस पेपरात वाचलं, की मालकच नसलेलं एक समाजमाध्यम निघालंय. कंपनी नाही, जाहिराती नाहीत! मी ग्रुपवर जाहीर केलं, "कंपनीची गुलामी पुरे! चला माझ्यामागं!" आणि ऐटीत बाहेर पडलो. मागून आला एकटा डोमाजी. उरलेल्या चाळीसजणांना मोबाईलनं परस्पर नवा अॅडमिन नेमून दिला. रामराव!

दुसऱ्या दिवशी बाकावर बसून आम्ही खातं उघडायला घेतलं. पहिलाच प्रश्न, सर्व्हर कोणता? खाली ही लांब यादी.

"हे काय व्हय, बाबूसाहेब?" डोमाजीनं विचारलं.

"गावं समज. कुठंही राहा, सगळ्यांशी बोलता येते."

"मंग आपलं बाभुळगाव कुठं हाय?"

नव्हतं! यवतमाळही नव्हतं. मांजरवाल्यांचं होतं, बुद्धिबळवाल्यांचं होतं. डोमाजीनं बागकामवाल्यांचं निवडलं आणि पाच मिनिटांत आत शिरला. मला ते पटेना. अर्ज न घेता आत घेतात ते ठिकाण कसलं! मी अर्ज मागणारं गाव शोधलं. 'का यायचं आहे?' असं त्यांनी विचारताच मी दीड पान लिहिलं. 'महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की...' दाखला जोडायला जागाच नव्हती, म्हणून त्याचा क्रमांक टाकला. मंजुरी नवव्या दिवशी आली. बहुधा मराठी वाचणारा माणूस शोधत असावेत.

आत गेलो तर सामसूम. मी डोमाजीला शोधतोय, शेजारी बसून डोमाजी मला शोधतोय!

"मले तुम्ही दिसूनच नाही राह्यले!"

"अरे, पुरा पत्ता टाक. नाव आन् मंग गाव."

त्यानं टाकला. "नमस्कार भलत्यालेच गेला, बाबूसाहेब! त्यानं फुलकोबीचा फोटो धाडला!"

रविवारी अखेर माझं 'शुभ सकाळ' त्याच्या मोबाईलवर उमटलं. एका बाकावरून त्याच बाकावर! आम्ही आनंदानं मिठी मारली. मग लक्षात आलं, आज फिरायला कोणीच आलेलं नाही. तेवढ्यात घरून आमच्या सौभाग्यवतींचा, लीलाबाईंचा फोन.

"अवो, तुम्ही नाही गेले काय? रामरावच्या वावरात रोडग्यांची पार्टी हाय! शेजारच्या नलूचा नवरा सकाळीच गेला. चार दिवसांपासून ग्रुपवर गाजून राह्यलं म्हणे!"

डोमाजीचा चेहरा पडला. "तुमच्यापायी माहे रोडगे गेले, बाबूसाहेब! वांग्याची भाजी गेली!"

त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मला फार वाईट वाटलं. केवळ त्याच्यासाठी (खोटं कशाला बोलू, ती भाजी मलाही आवडते) नलूच्या नवऱ्याकडून ग्रुपची लिंक मागवली आणि आम्ही दोघांनीही विनंती पाठवली. डोमाजी मिनिटभरात आत! माझ्या मोबाईलवर मात्र 'अॅडमिनच्या मंजुरीची प्रतीक्षा'. मग रामरावचा फोन आला.

"बाबूसाहेब, तुम्ही तं नियमाचे माणूस. अर्ज धाडा. काहून यायचं हाय, तेवढं लिवा."

दीड पान तयारच होतं. गावाचं नाव बदललं आणि पाठवलं. दहा मिनिटांत उत्तर आलं.

'अर्ज परत. रहिवासी दाखला जोडलेला नाही.'