रॉकेट कोणाच्या उसात?

नीळकंठराव कारखान्याचे शेतकी अधिकारी होते, आणि ऊसतोडणीचा क्रम हा त्यांच्या लेखी केवळ कागद नव्हता, ते व्रत होते. ज्याच्या उसाची लागण आधी, त्याची तोड आधी. गेल्या हंगामात खुद्द सासऱ्यांच्या, निरवांगीच्या विजयसिंहरावांच्या, उसाला तुरे आले, वजन घटले, तरी या जावयाने तोडणीची टोळी एक दिवसही आधी पाठवली नाही. सासरे तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नसत. नीळकंठराव ही गोष्ट चारचौघांत प्रशस्तिपत्रासारखी सांगत आणि वर म्हणत, "माझा क्रम मोडणारा अजून जन्माला यायचाय."

त्यांची कन्या सई बारामतीत इंजिनिअरिंग शिकत होती. कॉलेजच्या मुलामुलींनी रॉकेट बांधायला घेतले होते आणि त्याच्या पोटातले यंत्र सईच्या हातचे होते. काड्यापेटीएवढेच ते, पण उंची मोजायचे, माथा गाठला की पॅराशूट उघडायचे आणि आपण कुठे आहोत हे दर सेकंदाला स्वतःच्या मेमरीत लिहून ठेवायचे. देशपातळीच्या स्पर्धेला जायचे तर स्पॉन्सर हवा होता. सहा कंपन्यांकडे अर्ज गेले. सहाही कंपन्यांनी शुभेच्छा दिल्या.

शेवटी सई कारखान्याचे अध्यक्ष मानसिंगराव यांच्याकडे गेली.

"देतो की पोरी," ते म्हणाले. "रॉकेटावर कारखान्याचं नाव मोठं लिव. आन् शनिवारी मंडळाच्या सभेत आकडं दाखव. न्हायतर संचालक म्हणत्याल, अध्यक्षांनी दिवाळीच्या दारूकामाला पैसं दिलं."

बुधवारी निरवांगीच्या माळावरून रॉकेट उडाले. नऊशे मीटर सरळ वर गेले, पॅराशूट उघडले, टाळ्या पडल्या. मग वाऱ्याने ते अलगद उचलून खालच्या मळ्यांत, बारा फूट उंच उसात नेऊन टाकले. उसातून त्याचा रेडिओ सिग्नल बाहेर येईना. रॉकेट नाही तर मेमरी नाही, मेमरी नाही तर आकडे नाहीत, आणि आकडे नाहीत तर स्पर्धा नाही.

मानसिंगरावांनी फोनवरच हुकूम सोडला. "ज्याच्या उसात पडलं आसंल, तो ऊस आधी तोडा."

"साहेब, क्रम मोडतो."

"कारखान्याचं नाव हाय त्याच्यावर, नीळकंठराव. आपलं नाव पाचटात लोळत ठिवता व्हय?"

नीळकंठरावांनी एकदा लेकीच्या तोंडाकडे पाहिले आणि आयुष्यात प्रथमच व्रत मोडले. हुकूम तासाभरात तालुकाभर झाला, आणि त्यांचा फोन जो वाजू लागला तो थांबेना.

"साहेब, निरवांगीचा सोपान बोलतोय. रॉकेट आमच्यात हाय."

"पाहिलंत?"

"बघाय कशाला पायजे? आवाज येतोय की. जरा कण्हल्यावानी."

त्याच्या शेजारच्या मळ्यातल्या साखरबाईंनी पॅराशूटचा फोटो धाडला. सईने तो मोठा करून पाहिला. "बाबा, ही लग्नातल्या मांडवाची झालर आहे. कोपऱ्यात 'शुभ' लिहिलंय."

पणदऱ्याहून महिपतीचा फोन आला तेव्हा मात्र नीळकंठरावांचा तोल गेला. "अहो, निरवांगी कुठं, पणदरे कुठं? चाळीस किलोमीटर!"

"वारा व्हता साहेब," महिपती शांतपणे म्हणाला.

"वाऱ्याला काही मर्यादा असते," असे त्याला सुनावून त्यांनी फोन आपटला.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत सदतीस दावे आले. शिस्तीचा माणूस; त्यांनी सदतीस दाव्यांचे रजिस्टर केले आणि तेही लागणीच्या तारखेप्रमाणे लावले. फोन केला नाही तो एकट्या विजयसिंहरावांनी.

शुक्रवारी सकाळी मानसिंगरावांचा फोन आला. "सापडलं बरं का. आमच्याच उसात, बांधालगत."

"आपल्या? म्हणजे... पणदऱ्याच्या?"

"व्हय. वारा व्हता की त्या दिवशी."

नीळकंठरावांनी रजिस्टरात अडतिसावी नोंद केली. "होता खरा," ते म्हणाले.

हुकूम तो हुकूम. दुपारी टोळी अध्यक्षांच्या उसात शिरली आणि दिवस मावळायच्या आत ऊस कारखान्याच्या काट्यावर होता.

शनिवारी मंडळाच्या सभेत सईने पडद्यावर आलेख लावला. रेघ झर्रकन वर गेली, खाली आली. संचालकांनी माना डोलावल्या. मुलीने इथेच थांबायला हवे होते. पण आपल्या यंत्राचे कौतुक कोणाला आवरते? तिने पुढचा नकाशा लावला.

"रॉकेट पडलं ते इथं, निरवांगीत, आजोबांच्या उसात. पण यंत्र पुढंही लिहीत राहिलं. गुरुवारी पहाटे ते सोपानकाकांच्या उसात गेलंय, माणसाच्या चालीनं. नऊ वाजता साखरबाईंच्या. दुपारी मात्र डांबरी रस्त्यानं बारामतीकडं निघालंय. वेग ताशी पन्नास, मोटारसायकल असावी. इथं वीस मिनिटं थांबलंय."

"तितं चहाची टपरी हाय," एक संचालक बोलून गेले आणि लगेच जीभ चावून खाली बघू लागले.

"मग पणदऱ्यात, महिपतीकाकांच्या उसात मुक्काम. आणि शुक्रवारी सकाळी बांध ओलांडून..."

"पुरे," मानसिंगराव म्हणाले.

मग कोणीतरी सूचक झाले, कोणीतरी अनुमोदक, आणि स्पॉन्सरशिपचा ठराव चर्चेविना एकमताने मंजूर झाला. कारखान्याच्या इतिहासात इतक्या झटपट काहीच मंजूर झाले नव्हते.

"फकस्त येक कर पोरी," अध्यक्षांनी घसा खाकरला. "फुडच्या येळंला रॉकेट भुईला टेकलं, की त्या यंत्रानं लिवायचं बंद करायचं."

"जमेल की, आबा," सई म्हणाली. "पण त्याचा खर्च निराळा पडेल."

तोही मंजूर झाला.

त्या संध्याकाळी नीळकंठरावांना, वर्षभरानंतर प्रथमच, सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, सईला पैसं मिळालं, लई झ्याक झालं. येकच इचारायचं व्हतं. रॉकेट पडलं आमच्या उसात, आन् तोड झाली मानसिंगरावाची. ह्यो कंचा क्रम म्हणायचा?"

नीळकंठरावांनी टेबलावरचे रजिस्टर मिटले.

"वारा होता, मामा," ते म्हणाले.